बंद होणाऱ्या संकेतस्थळाची ऑफलाइन प्रत : एक प्रकरण अभ्यास

परिस्थिती

यंत्रांच्या देखभालीसाठी लागणारी माहिती देणारे एक संकेतस्थळ बंद होणार होते. ज्या नियंत्रण-प्रणालीची ती माहिती होती, तिचे उत्पादन केव्हाच थांबले होते. परंतु त्या प्रणालीवर चालणारी यंत्रे अजून कामात होती, आणि ती जिथे होती त्या आवारात सुरक्षेच्या कारणास्तव इंटरनेटची जोडणी दिलेली नव्हती. तिथले तंत्रज्ञ गरज पडेल तेव्हा बाहेर येत, हवे ते पान छापून घेत आणि परत आत जात. सर्व्हर बंद झाल्यावर ही सोयही उरणार नव्हती. संकेतस्थळाच्या मालकांनी प्रत घेण्यास लेखी परवानगी दिली आणि सर्व्हर कधी बंद होणार तेही कळवले. मूळ डेटाबेस देण्यास मात्र त्यांनी नकार दिला, कारण त्यात इतर ग्राहकांच्या नोंदी मिसळलेल्या होत्या. त्यामुळे वाचकाला ब्राउझरमध्ये जे दिसते, ते बाहेरूनच पानापानाने उतरवून घेणे एवढा एकच मार्ग आमच्यापुढे होता.

संकेतस्थळाची रचना वरवर पाहता साधी होती. मार्गदर्शिकांची पाने, सुट्या भागांची सूची, चुकांच्या संकेत-क्रमांकांचा तक्ता, सूचनांचे एक कॅलेंडर आणि लॉगिन केल्यावर दिसणारा दुरुस्तीच्या टिपणांचा छोटा विभाग असे त्याचे पाच भाग होते. चित्रे आणि आराखडे मुख्य पत्त्यावर नसून वेगळ्या उपडोमेनवर, म्हणजे त्याच संकेतस्थळाच्या दुसऱ्या उपपत्त्यावर, ठेवलेले होते. अशा कामात सर्वांत अवघड भाग डाउनलोड करण्याचा असतो, असा एक सार्वत्रिक समज आहे. माझ्या मते तो चुकीचा आहे. डाउनलोड यंत्र करते. कुठे थांबायचे हे माणसाला ठरवावे लागते, आणि प्रत खरोखर पूर्ण आहे की केवळ पूर्ण दिसते आहे, हेही माणसालाच तपासावे लागते.

साधनाची निवड

कमांड-लाइनवरून हे काम करणारी दोन जुनी साधने सर्वांना ठाऊक आहेत. जीएनयू प्रकल्पातील डब्ल्यूगेट 1996 मध्ये आले आणि एचटीट्रॅक 1998 मध्ये. कर्ल हे तितकेच परिचित असले तरी ते सांगितलेला पत्ता आणून देते, पानातील दुवे पकडून स्वतःहून पुढे जात नाही. त्यामुळे संपूर्ण संकेतस्थळासाठी ते एकट्याने पुरत नाही. एचटीट्रॅकचे गाळणीचे नियम सोपे आहेत आणि अर्धवट राहिलेले काम ते आपल्या साठ्यावरून पुन्हा हाती घेऊ शकते, ही त्याची जमेची बाजू. आम्ही तरीही डब्ल्यूगेट निवडले. एकतर त्याची नोंदवही (लॉग) प्रत्येक पत्त्याचा हिशेब देते, आणि दुसरे म्हणजे 1.14 या आवृत्तीपासून ते वॉर्क या अभिलेखी स्वरूपातही साठवण करू शकते, ज्याची गरज आम्हाला पुढे लागणार होती.

डब्ल्यूगेटला केवळ 'पुनरावर्ती' पद्धतीने, म्हणजे पानातील दुवे धरून पुढे पुढे, चालायला सांगितले, तर ते मूळ पानापासून पाच पायऱ्यांपर्यंतच जाते. हा आकडा बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. ज्या सूचीत फक्त 'पुढील पान' एवढाच दुवा असतो, तिथे पाच पायऱ्यांनंतर प्रत गुपचूप तुटते आणि त्याबद्दल चूक झाल्याचा कोणताही संदेश येत नाही. 'मिरर' हा पर्याय दिला की खोलीची ही मर्यादा निघून जाते आणि फाइलींच्या वेळा पाहून फक्त बदललेल्याच फाइली आणण्याची पद्धत लागू होते. पण मर्यादा काढणे म्हणजे अडकण्याच्या जागांना निमंत्रण देणेही असते. म्हणून पहिली फेरी आम्ही मुद्दाम दोनच पायऱ्यांची ठेवली. तिच्यातून माहिती मिळवायची नव्हती, पत्त्यांचे नमुने पाहायचे होते.

सीमा

त्या उथळ फेरीच्या नोंदवहीतून पत्ते वेगळे काढून त्यांची वर्णानुक्रमे मांडणी केल्यावर संकेतस्थळाचे खरे रूप दिसले. कॅलेंडरच्या प्रत्येक महिन्याच्या पानावर मागच्या आणि पुढच्या महिन्याचा दुवा होता, प्रत्येक तारखेला स्वतःचे पान होते, आणि ज्या महिन्यांत एकही सूचना नाही त्यांचीही पाने सर्व्हर मागणी येताच तयार करून देत होता. म्हणजे वर्षामागे बारा महिन्यांची आणि तीनशे पासष्ट दिवसांची पाने, आणि या वर्षांना दोन्ही दिशांना अंत नाही. अमर्याद खोलीची फेरी इथे शिरली असती, तर सर्व्हर बंद होईपर्यंत ती रिकामी पानेच गोळा करत राहिली असती.

सुट्या भागांच्या सूचीतला सापळा अधिक फसवा होता, कारण त्याला अंत होता, पण तो फार दूर होता. सूचीवर चार गाळण्या होत्या आणि प्रत्येकीत पाच पर्याय अधिक 'सर्व' असे सहा पर्याय होते. चार वेळा सहा घेऊन त्यांचा गुणाकार केला की 1,296 जोड्या होतात. त्यात तीन स्तंभांपैकी कोणत्याही एकावर चढत्या किंवा उतरत्या क्रमाने मांडणी करण्याची सोय, म्हणजे आणखी सहा प्रकार, आणि अशा रीतीने एकाच सूचीची 7,776 रूपे. यातल्या एकाही रूपात नवीन माहिती नव्हती. तेच भाग वेगळ्या क्रमाने पुन्हा दिसत होते. आम्हाला सूचीची क्रमवार पाने हवी होती, त्यांची उलटसुलट रूपे नको होती. म्हणजेच पत्त्यातील पान-क्रमांक सांगणारा घटक चालू द्यायचा आणि गाळणी किंवा क्रम सांगणारा घटक दिसला की तो पत्ता सोडून द्यायचा.

हे सांगण्याच्या डब्ल्यूगेटमध्ये दोन पद्धती आहेत आणि त्यांतील फरक कळला नाही तर बराच वेळ वाया जातो. साधा 'रिजेक्ट' पर्याय फाइलीच्या नावाकडे पाहतो. पत्त्यातील प्रश्नचिन्हापुढचा भाग तो विचारातच घेत नाही. शिवाय ज्यांची नावे एचटीएमएलची (वेबपानांची) वाटतात अशी नाकारलेली पाने तो आधी उतरवतो, त्यातील दुवे वाचतो आणि मगच पुसतो. सापळा टाळण्यासाठी याचा काही उपयोग नाही, कारण सर्व्हरवरचा भार तितकाच राहतो आणि पुसलेल्या पानातले दुवे पकडून फेरी पुढे जातच राहते. 'रिजेक्ट-रेजेक्स' मात्र संपूर्ण पत्ता नमुन्याशी ताडून पाहतो आणि जुळला तर ते पान मागवतच नाही. आमचे सगळे वगळण्याचे नियम आम्ही उभ्या रेषेने जोडून एकाच नमुन्यात बसवले आणि तो नमुना अवतरणचिन्हांत ठेवला. अवतरणचिन्हे विसरली तर शेल, म्हणजे आज्ञा वाचणारी प्रणाली, त्या उभ्या रेषेचा स्वतःचा अर्थ लावते आणि आज्ञेचे दोन तुकडे होतात.

'नो-पॅरेंट' या पर्यायाची खुबी याहून बारीक आहे. दिलेल्या फोल्डरच्या वर जाऊ नकोस, असे तो सांगतो. पण सुरुवातीच्या पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ नसेल, तर डब्ल्यूगेट शेवटच्या शब्दाला फोल्डर न समजता फाइल समजते. मग 'वरचे' फोल्डर म्हणजे संकेतस्थळाचे मूळच ठरते आणि फेरीला सगळे रान मोकळे मिळते. आज्ञेत एका अक्षराचा फरक, परिणामात एका विभागाऐवजी संपूर्ण संकेतस्थळ.

चित्रांसाठी 'पेज-रिक्विझिट्स' हा पर्याय लागतो, कारण पान नीट दिसण्यासाठी आवश्यक असणारी चित्रे आणि शैलीपत्रके तो आणतो. परंतु तो पर्याय दिला तरी डब्ल्यूगेट दुसऱ्या होस्टवर, म्हणजे दुसऱ्या पत्त्याच्या सर्व्हरवर, जात नाही, आणि आमची चित्रे दुसऱ्याच उपडोमेनवर होती. होस्ट ओलांडण्याची परवानगी सरसकट दिली तर बाहेरच्या प्रत्येक दुव्यामागे फेरी जगभर फिरेल. म्हणून 'स्पॅन-होस्ट्स' बरोबर 'डोमेन्स' ची यादी देऊन मुख्य पत्ता आणि चित्रांचे उपडोमेन एवढ्या दोघांपुरतीच ती परवानगी बांधून घेतली.

सर्व्हरचा मान

एवढे करूनही चाचणी फेरीत एकही चित्र आले नाही. नोंदवहीत नकाराचा संदेश नव्हता, कारण चित्रे मागितलीच गेली नव्हती. कारण रोबोट्स.टीएक्सटी या, स्वयंचलित फेऱ्यांनी काय उतरवू नये ते सांगणाऱ्या, फाइलीत सापडले. शोधयंत्रांनी आराखडे आपल्या चित्रशोधात दाखवू नयेत म्हणून मालकांनी कधीतरी चित्रांच्या फोल्डरला मनाई लिहून ठेवली होती. 1994 पासून रूढ असलेला आणि 2022 मध्ये आरएफसी 9309 या इंटरनेटच्या प्रमाण-दस्तऐवजात नोंदला गेलेला हा संकेत डब्ल्यूगेट पुनरावर्ती फेरीत आपणहून पाळते, आणि ते योग्यच आहे. तो संकेत दुर्लक्षित करण्याची सोयही त्यात आहे. ती वापरायची की नाही, हा आमच्या मते तांत्रिक प्रश्न नव्हताच. मालकांना विचारले, त्यांनी चित्रांसाठी स्पष्ट होकार कळवला, आणि त्यानंतरच त्या उपडोमेनसाठी मनाई बाजूला ठेवली. मनाईची ओळ दिसली की ती बंद करणारा पर्याय न विचारता आज्ञेत घालणाऱ्यांची संख्या कमी नाही. परवानगीचे पत्र हाती नसताना तसे करणे मला पटत नाही.

वेगाचा निर्णय त्यामानाने लवकर झाला. दोन मागण्यांमध्ये दोन सेकंद थांबायचे आणि 'रँडम-वेट' देऊन तो अवधी निम्म्यापासून दीडपटीपर्यंत, म्हणजे एक ते तीन सेकंद, बदलता ठेवायचा. या हिशेबाने दहा हजार फाइलींना केवळ थांबण्याचेच साडेपाच तासांहून थोडे अधिक लागतात. एका रात्रीत ते सहज बसते, म्हणून घाई करण्याचे कारण नव्हते. जुना सर्व्हर, त्यावर अजूनही खरे वापरकर्ते, आणि आपण पाहुणे. अशा वेळी वेग हा गुण नसतो. आपली ओळख सांगणाऱ्या 'यूजर-एजंट' या मजकुरातही आम्ही कामाचा उद्देश आणि संपर्काचा पत्ता लिहिला होता, जेणेकरून नोंदी पाहणाऱ्याला कोणाशी बोलायचे ते कळावे.

लॉगिनच्या मागे असलेल्या विभागासाठी ब्राउझरमधील कुकी, म्हणजे लॉगिनची ओळख सांगणारी नोंद, फाइलीत घेऊन ती डब्ल्यूगेटला दिली. इथे 'बाहेर पडा' हा दुवा वगळणे अनिवार्य असते. नाहीतर फेरी इतर दुव्यांसारखाच त्यावरही जाते, सत्र संपते, आणि त्यापुढच्या प्रत्येक पानाच्या जागी लॉगिनचेच पान साठत राहते. अशा पानांना सर्व्हर '200' असा यशाचा संकेत देऊ शकतो, त्यामुळे नोंदवहीत सारे आलबेल दिसते. टिपणांच्या शेजारी 'पुसा' असा दुवा असेल, तर धोका आणखी मोठा. 2005 मध्ये गूगलच्या वेब अ‍ॅक्सिलरेटरने पानांतले दुवे आगाऊ उघडून ठेवायला सुरुवात केली, तेव्हा काही वेब अनुप्रयोगांतील 'पुसा' हे दुवेही त्याने उघडले आणि लोकांचा मजकूर गेला. आम्ही म्हणूनच मालकांकडून फक्त वाचण्याचे अधिकार असलेले खाते मागून घेतले.

स्क्रिप्टने उभे केलेले पान

चुकांच्या संकेत-क्रमांकांचा तक्ता हा तंत्रज्ञांच्या दृष्टीने संपूर्ण संकेतस्थळाचा गाभा होता, आणि नेमका तोच प्रतीत रिकामा येत होता. चौकट येत होती, शीर्षक येत होते, ओळी मात्र नव्हत्या. डब्ल्यूगेट जावास्क्रिप्ट चालवत नाही. सर्व्हरने जे एचटीएमएल पाठवले तेवढेच त्याला दिसते. याची खात्री करण्याची एक सोपी पद्धत आहे. पडद्यावर दिसणारे एखादे वाक्य निवडावे, पान कर्लने आणावे आणि ते वाक्य त्या मजकुरात आहे का ते ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या साधनाने शोधावे. नसेल, तर ते वाक्य नंतर स्क्रिप्टने आणून बसवलेले आहे, आणि डब्ल्यूगेटचे कितीही पर्याय बदलले तरी ते हाती लागणार नाही.

डोके नसलेला, म्हणजे खिडकी न उघडता चालणारा क्रोम अशा पानाची स्क्रिप्ट चालवून अंतिम एचटीएमएल छापून देऊ शकतो, आणि आम्ही त्याच दिशेने निघालो होतो. त्याआधी वगळण्याच्या नियमांची अखेरची उजळणी करताना प्रत्येक पानाला असलेली 'छापण्यासाठी' ही आवृत्ती उघडून पाहिली. बाकी सर्व विभागांत ती मूळ पानाची निव्वळ पुनरुक्ती होती, म्हणून तिला वगळण्याच्या यादीत टाकले होते. या तक्त्याच्या बाबतीत मात्र छापण्याच्या आवृत्तीत सर्व ओळी सर्व्हरनेच भरून दिलेल्या होत्या. ज्या तंत्रज्ञांना पान छापून आत न्यावे लागे, त्यांच्यासाठीच कोणीतरी ती तशी केलेली असावी. नियमात एक अपवाद घातला, तक्ता पूर्ण आला, आणि क्रोमची गरजच उरली नाही. नमुना पाहून एखादा प्रकार सरसकट वगळण्याआधी त्याचे प्रत्येक विभागातील एक तरी पान उघडून पाहावे, असे मी तेव्हापासून आग्रहाने सांगतो.

नावे आणि दुवे

प्रत लिनक्सवर तयार होत होती आणि आतली यंत्रे विंडोजची होती. लिनक्स फाइलीच्या नावात प्रश्नचिन्ह चालवून घेते, विंडोज घेत नाही. त्यामुळे पेन ड्राइव्हवर नेताना अशा फाइली अडतात. 'रिस्ट्रिक्ट-फाइल-नेम्स' या पर्यायाला विंडोजची पद्धत सांगितली की प्रश्नचिन्हाच्या जागी 'अ‍ॅट'चे चिन्ह येते आणि पानांतील दुवेही त्यानुसार जुळतात. त्याच पर्यायात 'नोकंट्रोल' जोडणेही आवश्यक ठरले, कारण काही पत्त्यांत देवनागरी शब्द होते. यूटीएफ-8 या अक्षर-सांकेतिक पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटचे असते आणि त्यांतले काही बाइट डब्ल्यूगेटला नियंत्रण-चिन्हे वाटतात. ती तेवढीच टक्केवारीच्या चिन्हाने बदलते आणि नाव अर्धे वाचनीय, अर्धे विद्रूप होते. 'अ‍ॅडजस्ट-एक्स्टेंशन' मुळे पीएचपीच्या पानांना एचटीएमएलचे शेपूट मिळते. सर्व्हर नसताना फाइलीचा प्रकार फक्त त्या शेपटावरूनच ओळखला जात असल्याने तेही हवेच.

'कन्व्हर्ट-लिंक्स' हा पर्याय पानांतील दुवे स्थानिक करतो, पण हे काम तो सगळे डाउनलोड संपल्यावर करतो. मध्येच फेरी थांबवली तर फाइली असतात, दुवे मात्र जुनेच राहतात. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, जी फाइल उतरली तिचा दुवा स्थानिक होतो आणि जी उतरली नाही तिच्या जागी मूळ संकेतस्थळाचा संपूर्ण पत्ता लिहिला जातो. इंटरनेट चालू असलेल्या संगणकावर अशी प्रत उघडली की न आलेली चित्रे मूळ सर्व्हरवरून हळूच येतात आणि प्रत निर्दोष भासते. तपासणी करताना जोडणी बंद करावी, हे सांगणे क्षुल्लक वाटेल; परंतु ऑफलाइन प्रतीतील उणिवा मूळ सर्व्हर बंद झाल्यावरच कळल्याची उदाहरणे बहुधा याच कारणाने घडतात.

पडताळणी आणि सुपूर्दगी

डब्ल्यूगेटने शेवटी आठ हा निर्गम-क्रमांक (काम संपताना दिलेला निकालाचा आकडा) दिला, म्हणजे सर्व्हरने कुठेतरी चूक कळवणारा प्रतिसाद दिला. मोठ्या फेरीत एक मेलेला दुवासुद्धा त्याला पुरतो, म्हणून त्या क्रमांकावरून काहीच ठरवता येत नाही. आम्ही नोंदवहीतील 404, म्हणजे 'पान सापडले नाही', या संकेताच्या ओळी काढल्या आणि ते पत्ते मूळ संकेतस्थळावरही मेलेलेच आहेत का, हे पाहिले. त्यानंतर साइटमॅपमधील, म्हणजे संकेतस्थळाने स्वतः दिलेल्या पानांच्या सूचीतील, पत्त्यांची यादी आणि उतरलेल्या पत्त्यांची यादी समोरासमोर ठेवली. ज्या पानांना कुठूनच दुवा नव्हता ती अनाथ पाने याच तुलनेत सापडली. जुन्या आवृत्तीच्या जोडणीचे आराखडे त्यांतच होते. ती यादी मूळ पत्त्याबरोबर 'इनपुट-फाइल' म्हणून देऊन पुढची फेरी केली. लॉगिनच्या पानाच्या शीर्षकाचा शोध सर्व फाइलींत घेऊन ते एकाहून अधिक वेळा येत नाही, याचीही खात्री केली.

दुवे बदललेली प्रत वाचायला सोयीची असते, पण सर्व्हरने नेमके काय पाठवले होते याचा पुरावा म्हणून ती चालत नाही, कारण तिच्यात आपणच फेरफार केलेले असतात. त्यासाठी वॉर्क स्वरूपातील स्वतंत्र साठवण केली. 2009 मध्ये आयएसओ 28500 म्हणून मान्यता मिळालेल्या या स्वरूपात प्रत्येक मागणी आणि तिचा प्रतिसाद शीर्षकओळींसह जसाच्या तसा राहतो. डब्ल्यूगेटमध्ये वॉर्क आणि वेळा पाहून आणण्याची पद्धत एकत्र चालत नाही, त्यामुळे ही फेरी संपूर्ण आणि वेगळ्या फोल्डरमध्ये करावी लागली.

आतल्या जाळ्यात एका संगणकावर पायथनचा साधा एचटीटीपी सर्व्हर चालू करून तिथून प्रत वाचायला दिली. फाइल थेट उघडली तर ब्राउझर सुरक्षेसाठी स्क्रिप्टला शेजारच्या फाइली वाचू देत नाही आणि बाजूची अनुक्रमणिका उघडत नाही. सर्व्हरवरून तीच पाने नीट चालतात. पायथनच्या दस्तऐवजात हा सर्व्हर प्रत्यक्ष वापरासाठी सुचवलेला नाही, आणि बाहेरच्या जगाशी जोडलेल्या संगणकावर मीही तो सुचवणार नाही. शोधाची पेटी अर्थातच निकामी झाली, कारण शोध मूळ सर्व्हर करत असे. तिच्या जागी सर्व मार्गदर्शिकांच्या शीर्षकांची एक सपाट यादी करून दिली, आणि ब्राउझरमधील 'पानात शोधा' एवढ्यावर तंत्रज्ञांचे काम भागले. प्रतीसोबत एक पानी टिपण दिले असून त्यात वापरलेली संपूर्ण आज्ञा, फेरीची तारीख, आणि मुद्दाम वगळलेल्या गोष्टी, म्हणजे कॅलेंडरची रिकामी पाने, सूचीची गाळलेली रूपे आणि बाहेरच्या संकेतस्थळांवरील चित्रफिती, स्पष्ट लिहिल्या आहेत.

सर्व्हर बंद होण्याआधी मालकांनी काही मार्गदर्शिका दुरुस्त केल्या, म्हणून अखेरची एक फेरी करणे भाग पडले. सर्व्हर आपली पाने मागणीनुसार तयार करत असल्याने 'शेवटचा बदल' ही वेळ पाठवत नव्हता, आणि त्यामुळे फक्त बदललेलेच आणण्याची सोय इथे निरुपयोगी होती. सगळे नव्या फोल्डरमध्ये पुन्हा उतरवले, जुन्या आणि नव्या प्रतीची डिफ या फरक दाखवणाऱ्या साधनाने तुलना केली, तळटीपेतील तारखेमुळे दिसणारे फरक गाळले आणि उरलेल्या पानांची यादी मालकांनी सांगितलेल्या दुरुस्त्यांशी ताडून पाहिली. ती जुळल्यावर नवी प्रत आत नेली आणि जुनी वॉर्कच्या साठ्याशेजारी ठेवून दिली.